फ्रॉम यांचा ‘मूळ स्व’

मध्ययुगीन बंधनांतून सुटलेला माणूस एकाकीपणाच्या भयाने हुकूमशाहीच्या वा अंधानुकरणाच्या आश्रयाला जातो, असे मनोविश्लेषक एरिक फ्रॉम यांनी ‘एस्केप फ्रॉम फ्रीडम’मध्ये (१९४१) प्रतिपादिले. ‘मॅन फॉर हिमसेल्फ’मध्ये (१९४७) तोच माणूस स्वतःला विक्रीची वस्तू मानतो व मागणीप्रमाणे व्यक्तिमत्त्व बदलतो. हे निदान आम्हांस मोलाचे वाटते.

मात्र, छद्म ‘स्व’खाली ‘मूळ स्व’ दडलेला असतो, हे त्यांचे गृहीत आम्हांस मान्य नाही. पालि सुत्तांतील पंचस्कंधांच्या विवेचनानुसार ‘स्व’ शोधून सापडणारा नाही. ‘हा मी, हे माझे’ असे धरून ठेवणारे उपादानच दुःख वाढविते.

तथापि, केवळ अनात्मवाद सांगून माणसास स्वतःला विकावयास लावणारी समाजरचना निर्दोष ठरविता येणार नाही. फ्रॉम यांचा हा धडा आम्हीही विसरता कामा नये.