पकने दिलेले ढेकूळ

रडयार्ड किपलिंग म्हटले की आपल्याला मोगली आठवतो, नाहीतर साम्राज्याचा भाट. त्याच्या १९०६ सालच्या ‘पक ऑफ पूक्स हिल’कडे आपले फारसे लक्ष जात नाही. दोन मुले आणि एक खोडकर जुना जीव, म्हणून ते बालवाङ्मयाच्या कप्प्यात पडून राहते. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंडून इंग्रजी वाचायला शिकलेल्या माझ्यासारख्याला मात्र वाटते की, किपलिंगला छळणारा प्रश्न याच पुस्तकात सर्वांत उघडपणे आला आहे. तो प्रश्न असा: जमीन कोणाची?

डॅन आणि ऊना ही भावंडे ससेक्समधल्या कुरणात शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’चा आपल्यापुरता प्रयोग करतात, तोही मध्यग्रीष्माच्या आदल्या संध्याकाळी, ओळीने तीनदा. झाडी हलते आणि टोकदार कानांचा, बसक्या नाकाचा, ठेंगणा पक समोर उभा राहतो. इंग्लंडमधल्या ‘डोंगरवासीयां’पैकी हा शेवटचा उरलेला. मुलांच्या नाटकातली पकची भूमिका तो स्वतःच वठवतो, त्यांचे बिस्किट मीठ लावून खातो. शेक्सपिअरचा पक माणसांची फजिती करून हसतो. किपलिंगच्या पकची सारी शक्ती गेलेल्या शतकांतली माणसे मुलांपुढे आणून बोलती करण्यात खर्च होते. खोडी कमी झाली हा मला पुस्तकाचा तोटाच वाटतो. मास्तर झालेला पक मधूनमधून कंटाळवाणा होतो.

पण पहिल्या भेटीतल्या त्याच्या दोन कृती महत्त्वाच्या आहेत. तो गवतासकट मातीचे ढेकूळ कापून मुलांच्या हाती देतो. जमिनीचा ताबा देण्याची ही जुनी इंग्रजी रीत. आणि निरोप घेताना ओक, ॲश, थॉर्न या झाडांची पाने चावायला देतो, म्हणजे घरी जाऊन मुले काही बोलणार नाहीत. ताबा राहतो, तो कोणी दिला, ते पुसले जाते.

लेखक कोण, हे इथे लक्षात घ्यावे लागते. १८६५ साली मुंबईत जन्मलेला, सहा वर्षांचा होण्याआधीच इंग्लंडमध्ये परक्या घरी ठेवलेला, आणि १९०२ साली ससेक्समधले ‘बेटमन्स’ हे घर विकत घेऊन तिथेच कायमचा राहिलेला माणूस. डॅन आणि ऊना यांच्यामागे त्याची मुले जॉन आणि एल्सी आहेत. विकत घेतलेल्या जमिनीवर तो पकच्या हातून वारशाचा शिक्का मारून घेतो आहे.

म्हणून पुस्तक खोटे ठरत नाही. पुढच्या कथांतली बहुतेक माणसे बाहेरचीच आहेत. वेलंड हा देव समुद्रापलीकडून बळी घेत आला आणि पूजा संपल्यावर रस्त्याकडेचा लोहार झाला. कोणी मनापासून आभार मानीपर्यंत त्याची सुटका नाही. शेंदूर उडालेली, ओस पडलेली ठाणी पाहिलेल्या आपल्या वाचकाला ही कथा परकी वाटू नये. सर रिचर्ड हा नॉर्मन जिंकायला येतो आणि सॅक्सन घराचा जावई होतो. पार्नेशियस रोमसाठी लढतो, पण रोम त्याने फक्त चित्रात पाहिलेले. १२१५च्या मॅग्ना कार्टामागचा हात तर किपलिंग कडमिएल या ज्यू वैद्याचा दाखवतो. राजाच्या कामी आले असते ते सोने तो समुद्रात बुडवतो. जन्मापेक्षा केलेल्या कामाने जमीन आपली होते, असा हा न्याय आहे.

माझे अडते ते इथे. हा उदार न्याय किपलिंगने स्वतःच्या जन्मभूमीला लावला नाही. पुस्तक आले तेव्हा वंगभंगाविरुद्धची चळवळ जोरात होती. त्या माणसांच्या हाती ढेकूळ देणारा पक त्याला सुचला नाही. ससेक्समध्ये तरी काय? कुंपणे राखणारा म्हातारा हॉब्डन पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच. ढेकूळ मिळते ते मालकाच्या मुलांना.

त्यांतला जॉन १९१५ साली लूसच्या लढाईत अठराव्या वर्षी गेला. त्याचे प्रेत बापाच्या हयातीत सापडले नाही. हे ठाऊक झाल्यावर मुलांच्या हाती माती देणारी ती पहिली कथा मला पूर्वीसारखी वाचता आलेली नाही.