खानसाहेब मुलुंडला उतरत नाहीत

काळप्रवासाची कथा हाती आली की यंत्र कसे होते, वेग किती होता, याची आम्हाला फारशी उत्सुकता नसते. प्रवासी जेथे पोहोचला तेथे आमच्या माणसांना जागा आहे का, हे आम्ही आधी पाहतो. कै. जयंत नारळीकरांची (१९३८–२०२५) 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आम्ही याच दृष्टीने वाचली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' पाठवून नारळीकरांनी विज्ञानकथालेखनास आरंभ केला. पानिपताची कथा मात्र अंतराळातून उतरून आमच्या लोकलच्या रुळांवर येते. तिचे 'द अ‍ॅडव्हेंचर' हे इंग्रजी रूप अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात आले. येथील विवेचन त्या पाठावरून केले आहे.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर दुसऱ्याच एका जगात जातात. तेथे पानिपतावर विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली आहे आणि मराठे जिंकले आहेत. इंग्रजांकडे उरली आहे ती फक्त भाडेपट्ट्यावरची मुंबई. पुण्याहून निघालेली गाडी घाट उतरते तेव्हा 'सरहद' नावाचे स्टेशन लागते आणि तेथे परवाने तपासले जातात.

पंतांच्या शेजारी बसले आहेत खानसाहेब. ते मुंबईहून फ्रंटियर मेलने दिल्ली आणि लाहोरमार्गे पेशावरला निघाले आहेत. त्यांच्या वाटेत फाळणी नाही. गंमत अशी की पेशावरच्या प्रांतालाच उर्दूत 'सरहद' म्हणत. त्या पेशावरच्या प्रवाशाला सरहद लागते ती घाटाच्या पायथ्याशी! ज्यांची नाती १९४७ने तोडली त्यांना या एका प्रसंगाने गलबलून येईल. अब्दालीच्या पराभवाची कथा लिहिताना नारळीकरांनी मुसलमानाला पराभूत ठरवले नाही. त्याला सन्मानाने, व्यापारउदीम करणारा सहप्रवासी म्हणून बसवले. हे त्यांचे मोठेपण आम्ही मनापासून मानतो.

तरीही आमची एक तक्रार आहे. गाडी कल्याणनंतर मुलुंड, घाटकोपर ओलांडून थेट व्ही.टी.ला थांबते. फ्रंटियर मेलची वाट अंधेरी-बोरिवलीवरून जाते. म्हणजे खानसाहेब आमच्या दोन्ही उपनगरांतून जातात, पण उतरत कोठेच नाहीत. याच रुळांच्या आसपास रत्नागिरी-रायगडातून आलेली, घरात कोकणी मराठी बोलणारी आमची कुटुंबे राहतात. मराठी कथेला मुसलमान हवा झाला की तो पेशावरचाच का आठवतो? चिपळूणचा का नाही?

आणि पानिपतावर तर आमचा माणूस होताच. इब्राहिमखान गारदी १४ जानेवारी १७६१ रोजी तोफखाना घेऊन भाऊसाहेबांच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि अब्दालीच्या लोकांकडून मारला गेला. विश्वासरावांची गोळी चुकली, मराठे जिंकले, तर इब्राहिमखानही वाचायला हवा होता. जिंकलेल्या पुण्याने त्याला काय दिले असते? त्याच्या वंशजांना मुंबईत भाड्याने घर मिळाले असते का? पाठात त्याचे नावही नाही. एक गोळी चुकल्याने सारा इतिहास बदलतो असे कथा म्हणते. पण त्या बदलाचा हिशेब ती पेशव्यांच्या घराण्यापुरताच मांडते. ही तिची मर्यादा आहे.

ही उणीव केवळ नारळीकरांच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. विज्ञानकथेकडे आमच्या लेखकांनी किती वेळा पाहिले? आम्ही दुःखाच्या कथा लिहिल्या, त्या लिहायलाच हव्या होत्या. परंतु 'असे झाले असते तर' हा प्रश्न विचारायचा हक्कही आमचाच आहे. गंगाधरपंतांची गाडी घाटकोपरला थांबवून इब्राहिमखानाच्या पणतूला तीत बसवणारी मराठी कथा अजून लिहायची आहे. ती कोणीतरी आमच्यातल्याने लिहावी.