तगरपुराचे स्वामी आणि लॉर्ड इंचकेप : नौस्वामीच्या चरित्राचा एक विचार

शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत एक बिरुद पुनःपुन्हा आढळते. उत्तर कोकणच्या शाखेत ते 'तगरपुरपरमेश्वर' असे येते, कोल्हापूरच्या शाखेत 'तगरपुरवराधीश्वर' असे. म. म. वा. वि. मिराशी यांनी संपादिलेल्या शिलाहार लेखसंग्रहात (१९७७) हे बिरुद इतक्या वेळा भेटते की अभ्यासकाची नजर त्यावरून सहज घसरून जावी. वस्तुतः त्यात एक नवल आहे. ठाण्यास राहून खाड्या, बंदरे आणि त्यांत येणारी गलबते यांवर सत्ता चालविणारे राजे आपली थोरवी सांगताना सह्याद्रीपलीकडे, तेरणेच्या काठी वसलेल्या एका नगराचे नाव घेतात. ते नगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. शिलाहारांच्या काळी त्याचे वैभव बहुतांशी ओसरलेले होते. तरीही ते नाव टाकावे असे किनाऱ्यावरील राजांस वाटले नाही.

याच्या उलट टोकाचे एक उदाहरण आगबोटींच्या युगात सापडते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील आर्ब्रोथ येथे १८५२ मध्ये जन्मलेला जेम्स लाइल मॅके हा १८७४ मध्ये कलकत्त्यास मॅकिनन मॅकेंझी या पेढीत दाखल झाला. चाळीस वर्षांनी, १९१४ मध्ये, ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन आणि पी. अँड ओ. या दोन प्रचंड कंपन्यांचे एकीकरण त्याने घडवून आणले. १९११ मध्ये त्यास सरदारकी मिळाली तेव्हा त्याने 'इंचकेप' हे नाव स्वीकारले. इंचकेप हा आर्ब्रोथसमोरील समुद्रातला, भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारा खडक होय. ज्या मुलखाच्या मालावर आणि माणसांवर या गृहस्थाचे ऐश्वर्य उभे राहिले त्याची खूण त्या नावात नाही. असणार तरी कशी, असे कोणी विचारील. आणि व्यक्तीपुरता तो प्रश्न रास्तही आहे. परंतु चरित्रकारासही हीच सवलत द्यावी काय, हा प्रश्न वेगळा आहे. नौस्वामींची जी चरित्रे आज उपलब्ध आहेत ती बहुधा समुद्रात सुरू होऊन समुद्रातच संपतात. बंदरामागचा प्रदेश त्यांत मालाच्या आकड्यांपुरता डोकावतो.

हा दोष किती मोठा आहे हे ध्यानी येण्यासाठी एका जुन्या ग्रंथाकडे वळणे उपयुक्त ठरते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, ईजिप्तमधील कोणा अनामिक ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेला 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' हा खरोखर नौस्वामींच्या उपयोगाचा ग्रंथ : कोणत्या महिन्यात शिडे उभारावी, कोठे खडक आहेत, कोठे काय विकले जाते, याची ती वही आहे. तरीही बॅरिगाझा म्हणजे भरुच या बंदराचे वर्णन करता करता लेखक किनारा सोडून आत शिरतो. बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर, असे तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान दगड येतात. तगरहून पुष्कळसे साधे कापड, नाना तऱ्हेची मलमल आणि रंगीत वस्त्रे येतात. शिवाय समुद्रकिनाऱ्याकडील प्रदेशांतून तगरास जमा होणारा इतर मालही येतो. हे सर्व गाड्यांवर घालून, धड रस्ता नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून खाली भरुचला उतरते.

या चार-दोन वाक्यांचे मोल शब्दसंख्येवर जोखता येणार नाही. लेखकाने तगर स्वतः पाहिले असावे असे दिसत नाही. परंतु भरुचच्या धक्क्यावर पडलेल्या कापडाच्या गठ्ठ्यामागे तीस दिवसांची गाडीवाट आहे, आणि आपल्या जहाजाचा नफातोटा त्या वाटेशी बांधलेला आहे, हे त्यास पुरते ठाऊक आहे. किनाऱ्याकडून येणारा जो माल तो सांगतो तो पूर्व किनाऱ्याचा असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ते ग्राह्य धरल्यास तगर हे दोन समुद्रांना जोडणारे खुष्कीचे बंदरच ठरते. कल्याणविषयी तो जे लिहितो तेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. हे बंदर पूर्वी खुले होते. पुढे सत्तांतर झाले, आणि तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुचला नेली जाऊ लागली. तगरच्या कापडाने जवळचा घाट सोडून दूरच्या भरुचची वाट का धरली असेल, याचे एक संभाव्य उत्तर यात मिळते. सत्तेच्या जोरावर एका बंदराचा व्यापार दुसऱ्याकडे वळविण्याची विद्या काही आगबोटींनी शोधून काढलेली नाही.

हे तगर नेमके कोठले, याविषयी एकोणिसाव्या शतकात मोठा वाद माजला होता. देवगिरी, जुन्नर, धारूर अशी नावे पुढे आली होती. १९०१ मध्ये फ्लीटने तेरचा पक्ष मांडला, हेन्री कझिन्सने स्थळपाहणी करून तेथील अवशेष नोंदविले, आणि १९५७-५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी केलेल्या उत्खननानंतर शंकेला फारशी जागा उरली नाही. पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी विलक्षण साम्य असलेली एक मूर्ती तेरलाच मिळाली आहे. जाता जाता एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. पेरिप्लसचा जो इंग्रजी अनुवाद हिंदुस्थानातील अभ्यासकांच्या हाती प्रथम पडला तो १८७९ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाला, आणि त्याचा कर्ता मॅक्रिंडल हा स्कॉटिशच होता. त्याच शहरात, त्याच वर्षांत, त्याचे देशबांधव हिंदी समुद्राचा सारा किनारा आपल्या आगबोटींनी विणून काढीत होते.

या विणकामाचा मूळ पुरुष विल्यम मॅकिनन. कँपबेलटाउन या लहान बंदरात १८२३ मध्ये जन्म, किराणा दुकानात उमेदवारी, ग्लासगोत कारकुनी, १८४७ मध्ये हिंदुस्थानात आगमन, आणि रॉबर्ट मॅकेंझी या गाववाल्याशी भागीदारी, असा त्याचा आरंभ. १८५६ मध्ये कलकत्ता-रंगून टपालाचा ठेका घेऊन त्याने जी कंपनी काढली तीच १८६२ पासून ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी झाली. मुंबई, कराची आणि इराणी आखात तिच्या कक्षेत आले. या धंद्याचा कणा टपालाचा सरकारी ठेका हा होता, ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. माल असो वा नसो, आगबोट ठरल्या दिवशी सुटलीच पाहिजे, आणि त्याबद्दल सरकारने ठराविक रक्कम दिलीच पाहिजे. पेरिप्लसचा दर्यावर्दी मोसमी वाऱ्याची वाट पाहत असे, आणि गाडीवानही पावसाळा संपून वाट सुकण्याची वाट पाहत असे. समुद्राचे आणि शेताचे पंचांग एकच होते. टपालाच्या ठेक्याने समुद्राचे पंचांग निराळे केले. शेताचे मात्र पूर्वीचेच राहिले.

मॅकिननच्या चरित्रकारांत जे. फोर्ब्स मन्रो यांचा ग्रंथ (२००३) निःसंशय सर्वांत भारदस्त आहे. एकट्या कर्तबगार पुरुषाची कथा सांगण्याचा मोह टाळून त्यांनी नातलग, गाववाले, भागीदार आणि सरकारी अधिकारी यांचे जे जाळे मॅकिननने विणले तेच आपल्या अभ्यासाचा विषय केले आहे. व्यक्तिपूजेपासून चरित्रवाङ्मयास दूर नेणारे हे पाऊल स्वागतार्हच म्हटले पाहिजे. तथापि जाळ्याचे धागे कँपबेलटाउन, ग्लासगो, लंडन, कलकत्ता अशा गाठींमधून फिरतात, आणि या गाठी पेढ्यांच्या आहेत. जॉर्ज ब्लेक याने १९५६ मध्ये लिहिलेला कंपनीचा शताब्दीग्रंथ याहून मर्यादित. ब्लेक हा मूळचा कादंबरीकार. क्लाइड नदीवरील जहाजबांधणीच्या धंद्याची वाताहत त्याने आपल्या 'द शिपबिल्डर्स' (१९३५) या कादंबरीत रंगविली. शताब्दीग्रंथाची नायिका मात्र कंपनी हीच असते, तेथे कादंबरीकाराचा हात बांधलेला राहतो. इंचकेपचे हेक्टर बोलिथोकृत चरित्र (१९३६) तर नायकाच्या मृत्यूनंतर अवघ्या चार वर्षांत आलेले. हाच बोलिथो पुढे जिनांचा चरित्रकार झाला. मोठ्या माणसाच्या दिवाणखान्यात त्याची लेखणी रमते. त्या दिवाणखान्याच्या खिडकीतून तुतिकोरिनचा धक्का दिसत नाही. त्या धक्क्यावर १९०६ मध्ये चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी आगबोट कंपनी काढली, आणि ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडी पाडून तिची कोंडी केली. चिदंबरम यांस १९०८ मध्ये राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली.

आता प्रश्न उरतो तो एतद्देशीय नौस्वामीच्या चरित्राचा. मराठीत त्याचे ठळक उदाहरण म्हणजे गं. दे. खानोलकर यांचे वालचंद हिराचंद चरित्र. 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक' लिहिणाऱ्या या व्यासंगी लेखकाने उद्योगपतीच्या आयुष्याकडे वळावे, ही मराठी चरित्रवाङ्मयातील लहान घटना नव्हे. या ग्रंथाचा इंग्रजी अवतार १९६९ मध्ये वालचंद अँड कंपनीनेच प्रकाशित केला. त्याच्या नावात माणूस, त्याचा काळ आणि त्याचे कर्तृत्व असे तीन घटक सांगितलेले आहेत. प्रदेश हा चौथा घटक त्यात नाही. वालचंदांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते, कारण हा नौस्वामी समुद्रावरून आलेला नाही. तो तगरच्या बाजूने आला आहे.

१८८२ मध्ये सोलापुरास जन्मलेल्या वालचंदांच्या घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. तो सोडून त्यांनी लक्ष्मणराव फाटक या माजी रेल्वे कारकुनाशी भागीदारी केली, आणि त्यांच्या कंत्राटदारीचा आरंभ बार्शी लाइट रेल्वेच्या कामाने झाला. ही अडीच फुटी रेल्वे कॅल्थ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू केली. बार्शीच्या पेठेतला कापूस त्यापूर्वी बैलगाड्यांनी मुख्य लोहमार्गापर्यंत जात असे. पुढे ही वाट निजामाच्या हद्दीत शिरून येडशी, तडवळे, ढोकी यांवरून १९११ मध्ये लातुरास पोहोचली. तेर या वाटेपासून फार दूर नाही. तगरचे कापड ज्या मुलखातून गाड्यांवर लादून नेले जात असे, त्याच मुलखातील कापूस आता रुळांवरून मुंबईच्या गोदीकडे निघाला, आणि ते रूळ टाकण्याच्या कामावर पुढे सिंदिया कंपनी काढणारा माणूस होता. चरित्रकाराला यापेक्षा अर्थपूर्ण आरंभ कोणता हवा? परंतु उद्योगपतीच्या चरित्राचा रूढ साचा असे प्रसंग उमेदवारीचे म्हणून मागे टाकतो आणि नायकाला लगबगीने धक्क्यावर आणून उभा करतो.

धक्क्यावरील प्रसंग आकर्षक आहे, यात शंका नाही. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली. १९६४ पासून तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली, महायुद्धात रुग्णनौका म्हणून वापरलेली ही बोट; तिचे नाव राजनिष्ठेचे आणि तिची सफर स्वदेशीची, हा विरोधाभास कोणाही लेखकास मोहात पाडील. त्यापुढे इंचकेपशी झुंज येते, आणि येथे राष्ट्रीय चरित्रकार नकळत परकीय चरित्रकाराचाच साचा उचलतो : एक नायक, एक प्रतिनायक, दोघांची आरमारे. झुंजीचे खरे यंत्र मात्र भाडेआकारणीत दडलेले होते. वर्षानुवर्षे एकाच कंपनीने माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यास भाड्याचा काही भाग मागाहून परत मिळे; मध्येच दुसऱ्या कंपनीकडे गेल्यास साचलेली सूट बुडे. या विलंबित सुटीने व्यापारी बांधला जाई, आणि त्याच्यामागे अडत्या, त्याच्यामागे शेतकरी. १९२३ मध्ये नरोत्तम मोरारजी अध्यक्ष असताना सिंदियाने ब्रिटिश इंडियाशी दहा वर्षांचा करार केला आणि आपले आरमार ७५ हजार टनांत ठेवण्याची अट मान्य केली. किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवण्याचे सारभाई हाजी यांचे १९२८ चे विधेयक कायद्यात उतरले नाही.

हा करार चरित्रात तात्पुरती माघार म्हणून सांगण्याची प्रथा आहे. जगण्यासाठी तो आवश्यक होता, हेही मान्य करावे लागेल. परंतु तो करार होताच स्वदेशी कंपनी ठरलेल्या भाड्यांच्या व्यवस्थेत एक वाटेकरी झाली. बार्शी-लातूरकडील माल पाठविणाऱ्यास त्यानंतर निवडीला किती वाव उरला, हा प्रश्न विचारल्याखेरीज वालचंदांच्या लढ्याचे मोजमाप पुरे होत नाही. तो विचारल्याने वालचंदांचे मोठेपण घटण्याचे कारण नाही. विशाखापट्टणमच्या गोदीचा १९४१ मधील पाया आणि तेथून १९४८ मध्ये पाण्यात सोडलेली 'जलउषा' ही त्यांची कामगिरी स्वतःच्या बळावर उभी आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की पेरिप्लसमध्ये तरी कोष्टी कोठे बोलतो? तो बोलत नाही, हे खरे. कापडाचा दर्जा कळतो, विणणाऱ्याचे नाव कळत नाही. शिवाय सत्तर पानांच्याही आतल्या व्यापारी वहीची तुलना सांगोपांग चरित्राशी करणे अन्यायाचे, असेही म्हणता येईल. परंतु तुलना विस्ताराची नाही. वहीच्या लेखकाजवळ तीस दिवसांच्या वाटेविषयी ऐकीव माहितीपलीकडे काही नव्हते, तरी त्याने ती वाट नोंदविली. विसाव्या शतकातील चरित्रकारापाशी रेल्वेचे वार्षिक अहवाल, बाजारपेठांच्या नोंदी, जिल्ह्यांची गॅझेटियरे आणि निजामी राज्याचे जकातीचे कागद यांचा ढीग होता. बॅलार्ड इस्टेटमध्ये मॅकिनन मॅकेंझीची इमारत आणि सिंदिया हाऊस या दोन्ही वास्तू उभ्या आहेत, आणि नौवहनाच्या इतिहासाचे अभ्यासक तेथे जातात. वालचंदांच्या चरित्राची नवी मांडणी करू पाहणाऱ्यास त्याआधी कुर्डुवाडीला उतरून लातूरकडे जाणारी गाडी धरावी लागेल, आणि कागद पाहावयाचे ते बार्शीच्या अडतपेढ्यांपासून पाहावे लागतील.