तांबड्या-पांढऱ्याचे दृश्यरूप : कोल्हापुरी उपाहारगृहांच्या जाहिरात-छायाचित्रणाची चिकित्सा

प्रस्तावना :
कोल्हापूर हे कलापूर म्हणून ओळखले जाते; तसेच तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे शहर म्हणूनही ते परिचित आहे. या दोन ओळखींची गाठ आज उपाहारगृहांच्या छायाचित्रांत पडते. दर्शनी फलक, मेनूकार्ड आणि मोबाईलवरून जेवण मागविण्याची सोय यांमुळे ग्राहक पदार्थ आधी पाहतो, मग खातो. त्यामुळे छायाचित्रणाचे नियोजन ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. कोल्हापुरी जेवण म्हणजे काय, याचा तो अर्थनिर्णय ठरतो. प्रस्तुत लेखात या अर्थनिर्णयाची चिकित्सा केली आहे.

लाल रंगाचे प्राबल्य :
रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९६४ मध्ये पान्झानी कंपनीच्या पास्त्याच्या जाहिरातीचे विश्लेषण केले. जाळीच्या पिशवीतून दिसणाऱ्या टोमॅटो-मिरचीच्या रंगांतून ‘इटालियनपणा’ सूचित होतो, परंतु हा इटालियनपणा फ्रेंच ग्राहकाच्या कल्पनेतील असतो, असे त्याने दाखविले. ‘कोल्हापुरीपणा’बाबत हेच घडले आहे. परगावच्या मेनूकार्डावरील ‘व्हेज कोल्हापुरी’ म्हणजे बहुधा लालभडक, दाट रश्श्याची भाजी असते. वस्तुतः रंग आणि तिखटपणा एक नव्हेत. ब्याडगी मिरची रंगाने गडद, पण तिखटास सौम्य असते. संकेश्वरी मिरची तिच्यापेक्षा तिखट असते. म्हणजेच लाल रंग डोळ्यांना जो ठसका सांगतो, तो जिभेला तसाच लागेल असे नाही.

या लाल रंगापुढे पांढरा रस्सा मागे पडतो. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, काजू, तीळ, खसखस घालून केलेला हा रस्सा तांबड्याचा दाह शमवितो. चवीच्या रचनेत तो दुय्यम नाही. छायाचित्रात मात्र पिवळ्या दिव्याखाली तो मळकट दिसतो, तर प्रखर प्रकाशात त्याचा पोतच हरवतो. बाजूने येणारा मवाळ प्रकाश आणि गडद पार्श्वभूमी योजली, तर त्याची साय आणि तवंग स्पष्ट दिसतात. ही योजना आधी केली नाही, तर पांढरा रस्सा चौकटीच्या कडेला जातो आणि जोडीतील एक निम्मा अर्थ गळतो.

मांडणी आणि सत्य :
छायाचित्रणात वेळेचे गणित कठोर असते. रस्सा निवू लागला की मटणाची चरबी थिजते, भाकरी वातड होते, वाफ विरते. म्हणून जाणकार छायाचित्रकार बदली ताट ठेवून प्रकाश व कोन निश्चित करतो आणि गरम ताट शेवटी मांडतो. हे कौशल्य पदार्थाशी प्रामाणिक आहे. परंतु रश्श्याची वाटी रिती वाटू नये म्हणून तिच्यात मटणाच्या फोडी रचल्या, तर प्रश्न बदलतो. कारण कोल्हापुरी ताटात फोडी सुक्क्यात असतात आणि वाटीत बहुधा निव्वळ रस्सा असतो. अमेरिकेत कॅम्पबेल सूपच्या जाहिरातीत भाज्या वर दिसाव्यात म्हणून वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवल्या गेल्या होत्या. १९७० च्या सुमारास तेथील संघीय व्यापार आयोगाने त्यास आक्षेप घेतला. भारतातही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये वस्तूचे खोटे वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी मानली आहे. ग्राहकाने चित्र पाहून फोडींची अपेक्षा धरली, तर त्याचा रोष अखेर वाढप्याला सोसावा लागतो.

भांड्यांचेही असेच आहे. स्टीलच्या वाटीत दिवे आणि कॅमेरा यांचे प्रतिबिंब पडते, म्हणून तिच्या जागी पितळी वा मातीचे भांडे येते. सोबतीला फेटा, गदा, जुने लाकूड मांडले जाते. ग्राहक प्रत्यक्षात स्टीलच्या ताटात जेवणार असेल, तर हा साज म्हणजे रंगविलेला पडदाच होय.

येथे कोल्हापूरच्याच परंपरेचे स्मरण उद्बोधक ठरते. नाटकांचे पडदे रंगविणारे बाबूराव पेंटर चित्रपटाकडे वळले आणि त्यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. १९२५ मधील ‘सावकारी पाश’ या त्यांच्या मूकपटात कर्जबाजारी शेतकऱ्याचे वास्तव पडद्यावर आले. रंगविलेल्या देखाव्याकडून वास्तवाकडे जाण्याची वाट या शहराने शंभर वर्षांपूर्वी दाखविली. त्याच शहरातील जेवणाचे छायाचित्र पुन्हा देखाव्याकडे वळावे, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही.

निसटलेले वाढप :
कोल्हापुरी जेवणात ‘रस्सा वाढू का?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. आग्रह हा या जेवणाचा अविभाज्य भाग आहे. सारे पदार्थ एकाच वेळी मांडलेल्या, माणूस नसलेल्या ताटाच्या छायाचित्रात हा आग्रह दिसत नाही. ओगराळे धरलेला वाढप्याचा हात, भाकरी थापणारी स्त्री, अर्धे जेवून झालेले ताट ही दृश्ये नियोजनात घेतली, तर उपाहारगृहाची खरी ओळख दिसू शकेल.

निष्कर्ष :
उपाहारगृहाचे छायाचित्र आकर्षक असावे, यात वाद नाही. परंतु आकर्षकता आणि प्रातिनिधिकता यांचा मेळ नियोजनाच्या टप्प्यावरच घालावा लागतो. पांढऱ्या रश्श्याला तांबड्याइतकेच स्थान, प्रत्यक्ष वापरातील भांडी, जेवढे वाढले जाते तेवढेच ताटात, आणि वाढणाऱ्या माणसाची उपस्थिती, ही चार पथ्ये पाळणे कठीण नाही. ती पाळली नाहीत, तर ‘कोल्हापुरी’ हा शब्द एका चवीचे नाव न राहता केवळ एका रंगाचे नाव होईल.