अवकाशाचे धागे आणि आरंभाचा प्रश्न

जाफराबादकडील कापसाचे कापड दुरून सलग भासते. जवळून पाहता धागे दिसू लागतात. शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेल्या अभय अष्टेकरांचे संशोधन अवकाशाविषयी असेच काही सांगते. १९८६ साली त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलांत मांडली. त्यांतून विकसित झालेल्या 'लूप क्वांटम ग्रॅव्हिटी' सिद्धान्तानुसार क्षेत्रफळाचेही अविभाज्य अंश असतात. २००६ साली पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांच्यासह त्यांनी दाखविले, की या गणितात महास्फोटापूर्वीही आकुंचन पावणारे विश्व संभवते.

प्रयोगाची साक्ष अद्याप नाही, ही उणीव आम्ही नोंदवतो. तथापि 'मग उत्पत्तीचे काय?' ही भाविकांची धास्ती आम्हांस अनाठायी वाटते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी महास्फोटात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा त्या कल्पनेचे जनक फादर लमेत्र यांनाच ते रुचले नव्हते. जगाला आरंभ आहे हे श्रद्धेने कळते, युक्तिवादाने सिद्ध होत नाही, असे संत थॉमस अक्वायनस यांचे मत होते. निर्मिती म्हणजे केवळ पहिला क्षण नव्हे. प्रत्येक क्षणाचे परमेश्वरावरील अवलंबन होय. म्हणून अष्टेकरांचे गणित गणित म्हणूनच, निर्धास्तपणे वाचावे.