‘पोशम पा’ : खुनी माणसाचे बालपण

भयपटातला खुनी असा का झाला, हे पूर्वी सहसा कुणी सांगत नसे. जॉन कार्पेंटर यांच्या ‘हॅलोवीन’मध्ये (१९७८) सहा वर्षांचा मायकेल सख्ख्या बहिणीला भोसकतो. घर चांगले, वस्ती सुखवस्तू. कारण मात्र दिग्दर्शक देत नाही. २००७ साली रॉब झॉम्बी यांनी तोच चित्रपट नव्याने काढला आणि मायकेलचे बालपण सविस्तर दाखविले. क्लबमध्ये नाचून घर चालविणारी आई, घरात शिवीगाळ करणारा दारुडा, शाळेत छळणारी पोरे. कारण मिळाले, पण भीती पातळ झाली. शिवाय गरिबाच्या मोडक्या घरातच खुनी तयार होतात, असा एक वाईट अर्थही त्यातून निघाला.

आपल्या महाराष्ट्रातल्या घटनेवर याच वाटेने जाणारा चित्रपट म्हणजे सुमन मुखोपाध्याय यांचा ‘पोशम पा’ (२०१९). अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांच्या गुन्ह्यांवर तो आधारलेला आहे. पात्रांची नावे बदललेली आहेत, आणि चित्रपटाला नाव आहे लहान मुलांच्या एका खेळाचे. १९९० ते १९९६ या काळात या मायलेकी गर्दीतून लहान मुले पळवीत, चोरी करताना त्यांची ढाल करीत, आणि मूल अडचणीचे झाले की त्याला संपवीत. आई खटला चालण्याआधीच मेली. बहिणींना कोल्हापूरच्या न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली.

चित्रपटाचा प्रश्न खरा आहे. आईच जर चोरी शिकवीत असेल, तर लेकरू काय शिकणार? आपल्या घराघरांत ज्याला ‘तर्बियत’ म्हणतात, ती उलटी झाली की काय होते, हे माही गिल यांनी साकारलेल्या आईत दिसते. हा प्रश्न पडद्यावर आणल्याबद्दल दिग्दर्शकाचे श्रेय आम्ही नाकारीत नाही.

आमचा आक्षेप पुढे आहे. चित्रपटाची नजर मायलेकींवरच खिळून राहते. पळविलेल्या मुलांनाही बालपण होते, ते कुठे आहे? माळेगावच्या यात्रेत किंवा कंधारच्या उरुसात मुलाचा हात घट्ट धरून चालणाऱ्या आईला हा प्रश्न आधी सुचेल. खुन्याचे बालपण समजून घेताना मेलेल्याचे बालपण विसरले गेले, तर त्या समजून घेण्याला अर्थ उरत नाही.

दुसरे असे की, दुःखी बालपणातून थेट खुनाकडे रस्ता जात नाही. याला पुरावा आपल्याच भागात आहे. या मायलेकी मुले पळवीत होत्या त्याच वर्षांत, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुले शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोलीला नेली. तीही घरापासून दूर गेलेली, भ्यालेली लेकरेच होती. फरक होता तो त्यांचा हात धरणाऱ्या माणसांत. नांदेड-लातूरच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये बहिणींची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. त्याला कारण त्यांचे बालपण नव्हते, दयेच्या अर्जावर झालेला विलंब होता. बालपणाचा हिशेब कायद्याने केला नाही. तो साहित्याला आणि सिनेमालाच करावा लागेल. मात्र करताना दोन्ही बाजूंची लेकरे मोजावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे. ‘पोशम पा’ने एकच बाजू मोजली. तरीही तो पाहावा, कारण प्रश्न तरी त्याने विचारला आहे.