अणूवरचं पुस्तक आणि युद्धातली आणीबाणी

आणीबाणी म्हटलं की आपल्याला १९७५ आठवतं. आज मी तिच्या आधीच्या, खऱ्या युद्धातल्या आणीबाणीबद्दल बोलणार आहे. चीनच्या आक्रमणामुळे ती २६ ऑक्टोबर १९६२ रोजी जाहीर झाली. २१ नोव्हेंबरला तोफा थांबल्या. आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ ला! मध्ये १९६५ चं युद्ध झालं, हे मान्य. पण त्याआधीची जवळजवळ तीन वर्षं ती कशासाठी होती, याचं पटेल असं उत्तर मला मिळालेलं नाही.

या काळातला एक निकाल आपल्याकडे कौतुकाने सांगतात. प्रभाकर पांडुरंग संझगिरी, कम्युनिस्ट कार्यकर्ते, भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी सरकारच्या परवानगीने अणूविषयी मराठीत पुस्तक लिहिलं. (इंग्रजी निकालपत्रात त्याचं नाव ‘अणुचा अंतरंग’ असं आलंय. कानाला खटकतं, पण असो.) लिहायला परवानगी होती, हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवायला मात्र नकार. मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला, सरकार अपिलात गेलं, आणि ६ सप्टेंबर १९६५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. तारीख लक्षात घ्या. त्याच दिवशी आपल्या फौजा लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडून गेल्या होत्या. युद्धात कायदा गप्प बसतो म्हणतात ना, तो त्या दिवशी तरी बसला नाही.

आता सरकारचा युक्तिवाद काय होता बघा. स्थानबद्ध माणसाचं स्वातंत्र्य गेलेलंच आहे. त्याच्या हाती नियम जेवढं देतील तेवढंच. पुस्तक पाठवण्याची सवलत नियमांत नाही, म्हणजे ती त्याला नाही. न्या. सुब्बा राव यांनी हे उलटं केलं. नियम सवलती देत नाहीत, बंधनं घालतात. ज्या गोष्टीवर बंधन घातलेलं नाही ती माणसाकडे शिल्लक आहे. पुस्तक पाठवू नये असा नियम नाही, मग अडवणारे तुम्ही कोण? तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर एका बाजूला ‘दिलेलं’ स्वातंत्र्य आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘उरलेलं’. पन्नास वर्षं मी वर्गात लॉक शिकवला, पण हा फरक इतक्या थोड्या शब्दांत मला कधी मांडता आला नाही.

तरीही माझी तक्रार आहे. हा विजय कशावर उभा आहे? नियम नव्हता, एवढ्यावर. ‘स्थानबद्धाने पुस्तक छापायला पाठवू नये’ अशी एक ओळ सरकारने आधी नियमांत घातली असती तर? पुस्तक तुरुंगातच राहिलं असतं. न्यायालयाने वाचवली ती नियमाची शिस्त. हक्क वाचला तो तिच्या आडोशाने.

आणि नागरिकाला न्यायालयात पाय ठेवता आला, तोही राष्ट्रपतींच्या १९६२ च्या आदेशातल्या एका अटीमुळे. भारत संरक्षण वटहुकमाखाली किंवा त्याच्या नियमांखाली हक्क हिरावला असेल, तरच दाद मागता येणार नाही, असं त्यात होतं. म्हणजे त्या कायद्याबाहेर जाऊन काही केलंत तर दरवाजा उघडा. १९६३ च्या माखनसिंग खटल्यात आपल्या साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी बहुमताच्या निकालात हीच फट जपून ठेवली होती: स्थानबद्धतेचा हुकूम दुष्टबुद्धीने काढला किंवा कायद्याच्या अटी पाळल्या नाहीत, असं म्हणत न्यायालयात येता येईल. सुब्बा राव तेव्हा अल्पमतात होते. त्यांना ही फट पुरेशी वाटली नव्हती. मला विचाराल तर बरोबर तेच होते.

कारण पुढे काय झालं? २७ जून १९७५ च्या आदेशातून ती अट गायब झाली. कुणीतरी जुने निकाल नीट वाचले होते, बरं का! मग १९७६ च्या जबलपूर खटल्यात चार न्यायमूर्तींनी, त्यांत आपले यशवंतराव चंद्रचूडही होते, सांगितलं की जुना आदेश सशर्त होता, हा बिनशर्त आहे, तेव्हा दाद नाही. एकटे खन्ना विरोधात उभे राहिले. माखनसिंग आणि संझगिरी निकालांचा आधार असा एका वाक्यासरशी निसटला. तो आदेशाच्या शब्दांवर टेकलेला होता, आणि शब्द बदलणारे सरकारच.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने २० आणि २१ ही कलमं आणीबाणीतही हात लावता येणार नाहीत अशी केली. १९ व्या कलमाला मात्र तसं संरक्षण नाही. युद्धाची किंवा परकीय आक्रमणाची आणीबाणी आली की ते आजही आपोआप बाजूला होतं. संबंधित कायद्यात तो आणीबाणीशी निगडित आहे असं नमूद करावं लागतं, इतकंच. पुस्तक छापणं तुम्ही-आम्ही १९ व्या कलमाखालीच धरू. ते कलम १९६५ मध्ये मिटलेलंच होतं, आणि न्यायालयाने संझगिरींचं पुस्तक २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याखाली बघितलं. उद्या अशा काळात तुरुंगातून कुणी असं बाड लिहून पाठवू लागलं, तर ते या दोहोंपैकी कुठल्या कलमाखाली ठेवायचं, यावर आपल्या वकील मित्रांचं मत मला ऐकायचं आहे. प्रश्न घेऊ या आता.